निळीचं धोतर आणि मस्कतचं स्थळ

उजेडाच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं अर्जुनरावांचं ठाम मत होतं! चिंचवडच्या एका कारखान्यात ते प्रेस शॉपचे फोरमन. परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला कंपनीनं नव्या मशीनचं व्हिडिओ शूटिंग केलं, तेव्हा दिव्याची वायर धरून तेच उभे होते. मशीन असं झळकलं की गिऱ्हाइकानं कारखान्यात पाऊल न टाकता ऑर्डर दिली! तेव्हापासून अर्जुनराव स्वतःला शूटिंगमधले जाणकार समजू लागले.

आता दाखवायची होती मुलगी. स्थळ मस्कतचं. मुलाला रजा नाही, म्हणून मध्यस्थ लक्ष्मणराव म्हणाले, "कॅसेट पाठवा. हल्ली तसंही चालतं." मंदाकिनी बँकेत नोकरीला, हुशार, नाकीडोळी नीटस. फक्त रंगानं सावळी. या 'फक्त'पायी दोन स्थळं फिरली होती. हेही गेलं तर पोरीचं कसं व्हायचं, या काळजीनं अर्जुनरावांना अन्न गोड लागत नव्हतं.

पिंपरीतला फोटोवाला इम्तियाज चार दिवे आणि कॅमेरा घेऊन आला. मेहुण्यानं दुबईहून आणलेला हा कॅमेरा आजवर दोन लग्नांना आणि एका बारशाला चालला होता, पण इम्तियाजची ऐट पाहावी तर थेट सिनेमावाल्याची!

"काका, एकच दिवा लावू. तोही भिंतीकडे तोंड करून. लग्नाला वेगळा उजेड, मशीनला वेगळा, मुलीला वेगळा."

"मला भिंतीचं लग्न ठरवायचंय का? चारही दिवे तिच्या तोंडावर मार! मशीनवर तसेच मारले होते."

"मशीनला घाम येत नाही, बाबा," मंदाकिनी म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतं त्यातलं!"

चार हॅलोजन लागले आणि सगळ्या चाळीचा फ्यूज उडाला! बाहेर बोंबाबोंब. "फोरमन आहे मी!" असं ओरडत अर्जुनरावांनी फ्यूजमध्ये बोटाएवढी जाड तार घातली. दिवे पेटले. खोलीची भट्टी झाली. मंदाकिनीच्या गालांवरून पावडरीचे ओघळ निघाले आणि बशीतल्या पोह्यांचे चुरमुरे व्हायची वेळ आली.

"आता कॅमेऱ्याला पांढरं काहीतरी दाखवा," इम्तियाज म्हणाला. "पांढरं कशाला म्हणायचं ते त्याला आधी सांगावं लागतं. बाकीचे रंग तो त्यावरून लावतो. कागद चालेल."

"कागद कशाला?" अर्जुनराव धोतराचा सोगा ताणून उभे राहिले. मुलीचा बाप शोभावा म्हणून त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, त्या धोतराला दोनदा नीळ दिली होती. "याहून पांढरं अख्ख्या पिंपरीत दाखव!"

इम्तियाज जरा घुटमळला. पण डोळ्यांत घाम उतरत होता आणि काकांशी वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यानं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या भिंगातून त्याला सगळं काळं-पांढरंच दिसायचं, त्यामुळे पुढे काय होणार ते त्यालाही कळलं नाही.

मंदाकिनी चालली, बसली, पेपर वाचला. मागून अर्जुनरावांचा आवाज चालूच! "डावीकडून घे! आता मागून! आता वरून!"

"वजन किती टन तेही सांगा," मंदाकिनी पुटपुटली.

शेवटी नवरा-बायको तिच्या दोन्ही बाजूंना बसले आणि कॅसेट मस्कतला गेली.

थोड्याच दिवसांत लक्ष्मणराव धापा टाकत आले.

"अर्जुनराव, मुलीला कावीळ कधी झाली?"

"कोणाला?"

"अहो, तिथं रंगीत टीव्हीवर बघितलं सगळ्यांनी! मुलगी हळदीसारखी पिवळी. तुम्ही पिवळे, वहिनी पिवळ्या, भिंतसुद्धा पिवळी! ते विचारतायत, तुमच्याकडचं पाणीच खराब आहे का?"

इम्तियाजला धरून आणलं. दारात तेच धोतर वाळत होतं. त्यानं उन्हात एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! काका, हे तर निळं आहे! कॅमेऱ्यानं निळ्यालाच पांढरं धरलं आणि बाकी सगळं पिवळं करून टाकलं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो, तर ऐकलं असतं तुम्ही?"

यावर कौशल्याबाई इतक्या जोरात हसल्या की अर्जुनराव तडक रक्त तपासायला लेकीला घेऊन गेले. रिपोर्ट स्वच्छ! तो मस्कतला गेला, मुलाला रजा मिळाली आणि मंडळी प्रत्यक्ष बघायला आली. सकाळची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन. मुलाची आई सावित्रीबाई मंदाकिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागल्या. मुलगा स्वतः तव्याच्या बुडासारखा, पण त्याच्या रंगाबद्दल बोलायची रीत नव्हती. तो मान खाली घालून पोहे खात होता.

"कावीळ नाही म्हणता?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"छे, छे! रिपोर्टच आहे."

"मग हा मूळचाच रंग?"

"हो."

सावित्रीबाईंनी उसासा टाकला. "कॅसेटमध्ये उजळ वाटली होती हो. कावीळ काय, औषधानं बरी झाली असती."

मंदाकिनीनं मुलाच्या हातातली बशी काढून घेतली. "कॅसेट तुमच्याकडेच आहे ना? मग लग्न तिच्याशीच लावा."

मंडळी तरातरा निघून गेली. अर्जुनराव खाली बघत बसून राहिले. आपल्या पोरीला आपल्याच घरात कोणी असं बोललं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं, पोरी."

मंदाकिनीला भरून आलं. बाबांच्या तोंडून हे शब्द ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"ही रंगीत भानगड करायलाच नको होती," अर्जुनराव म्हणाले. "पुढच्या स्थळाला आपण सरळ ब्लॅक अँड व्हाइट फोटो पाठवू!"