उसमानचाचांचा खोका

माझ्या मुलीच्या बारशाला उसमानचाचा आले, पाळण्यातून तिला दोन्ही हातांनी अलगद उचललं, डोळे मिटले आणि म्हणाले, "तीन किलो चारशे. हातातल्या सामानात जाईल." माझी सासू हबकलीच. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर पोरगी ठेवली. तीन किलो चारशे!

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे. घराआड एक माणूस आखातात. माझं टपरीएवढं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो आणि विमानाची तिकिटं. शेजारची पडवी चाचांची. तिकीट माझ्याकडे काढायचं आणि खोका चाचांकडे बांधायचा, ही गावची रीत. पडवीच्या वाशाला एक स्प्रिंगचा काटा टांगलेला. सुके बोंबील, सोडे, कोकमं, लोणच्याची बरणी हे सगळं चाचा पुठ्ठ्याच्या खोक्यात असं बसवायचे की मध्ये मुंगी शिरायची नाही. मग नायलॉनची दोरी आणि वर मार्करने नाव. काट्याला लावण्याआधी नुसत्या हाताने उचलून सांगायचे, "बोंबलाची एक जुडी काढ." काढली की बरोबर तीस किलो.

काम फुकट. बदल्यात ऐकून घ्यायचं. "खिडकी मागू नको, कान दुखतो. चहा दिला तर घे. आन् ध्यानात ठेव, दोन किलो वर गेलं तर परत धाडतात. सामान न्हाय, माणूस!" स्वतः चाचा जन्मात विमानात बसलेले नाहीत. विमानतळही पाहिलेला नाही. जीप नाक्यावरून सुटली की ते घरी परत. जाऊन आलेल्यांना ठाऊक होतं की जास्तीचं सामान फक्त काढून ठेवायला लावतात. पण चाचांना कोण सांगणार? एकदा मी सांगायला गेलो, तर माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तू आधी हे जास्तीचं काढून ठेव."

मग तो करोना आला. चाचांचा मुलगा इम्तियाज दुबईत एका गोदामात कामाला. तो महिनाभराच्या सुट्टीवर आला आणि आठव्या दिवशी विमानं बंद. चाची जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हापासून घरात चाचा एकटे. आता बापलेक दोघं. सुरुवातीला सगळं मजेत होतं. जूनमध्ये इम्तियाजच्या मालकाचा फोन आला: ऑगस्टअखेर हजर झाला नाहीस तर तुझ्या जागी दुसरा माणूस घेतो.

तिथून माझं मरण सुरू झालं. खास विमानं सुटणार म्हणायचे, मी तिकीट काढायचो, तारीख जवळ यायची आणि मोबाईलवर तो मेसेज यायचा. रद्द. पुन्हा काढा, पुन्हा रद्द. विमान कंपनीला फोन लावला की अर्धा तास गाणं ऐका, आणि मग फोनच कट. गावातली पंधरा माणसं अशी लटकलेली, आणि प्रत्येकाला वाटायचं, विमान मीच उडवतो आणि मीच थांबवतो. त्यात त्या तपासणीचा घोळ. अलिबागला जाऊन नाकात काडी घालून घ्यायची, रिपोर्ट यायचा, आणि विमान पुढे ढकललं की रिपोर्ट बाद. भाकरी शिळी झाली तर चालते हो, रिपोर्ट शिळा चालत नाही. इम्तियाजचं नाक चार वेळा ढोसलं. शेवटी शेवटी तो काडी बघूनच शिंकायचा.

दर तारखेला चाचा खोका बांधायचे. रद्द झालं की सोडायचे, कारण पावसाळी हवेत बंद खोक्यात मासळी बुरसटते. थोडी चुलीवर धरून सुकवायची, उरलेली शेजाऱ्यांत वाटायची. आमच्याकडे सोड्यांचा वास सुटला की बायको माजघरातूनच विचारायची, "परत रद्द?"

आणि चाचा मला शिव्या घालायचे. दुकानासमोर उभे राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा. "तुझी कंपनी हाय का भंगाराचं दुकान? पोराची नोकरी जाणार हाय, कळतं काय?"

"चाचा, कंपनी माझी नाही हो."

"तिकीट कुणी दिलं? तू ना!"

मी मान खाली घालायचो. खरंच अपराधी वाटायचं. मग ते आत येऊन बसायचे, हळूच विचारायचे, "आता पुढची तारीख?" मी म्हणायचो, बारा दिवसांनी. "बारा," असं पुटपुटत ते बोटांवर काहीतरी मोजायचे आणि उठून जायचे.

सहाव्यांदा विमान रद्द झालं नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. खोका जीपवर चढला, इम्तियाजने बापाच्या हाताचा मुका घेतला, जीप गेली. दुपारी विमानतळावरून त्याचा मला फोन. "सुधीरभाई, अब्बाची तब्येत बरी हाय ना? खोका साडेचौतीस किलो भरला!"

"मग? काढायला लावलं?"

"न्हाय ना. विमान अर्धं रिकामं. काउंटरवरची बाई म्हणाली, जाऊ द्या."

मी पडवीत गेलो. चाचा दोरीचे उरलेले तुकडे गोळा करत होते. म्हटलं, "चाचा, इम्तियाज आत गेला. नोकरी वाचली त्याची. पण तुमचा काटा बिघडला वाटतं. साडेचार किलो जास्त निघालं."

"काटा न्हाय बिघडला."

मी वाशाच्या काट्याकडे बघितलं.

"तरी सोडला त्याला?" चाचांनी विचारलं. "परत न्हाय धाडला?"

पोराला परत धाडतील म्हणून हा माणूस स्वतःच्याच समजुतीवर विसंबून मुद्दाम खोका जड करून बसला होता, आणि अडीच महिने शिव्या खाऊन मी ज्या रद्द विमानांची माफी मागत होतो, ती रद्द झाली की हा मनातून निवांत व्हायचा. राग यायला हवा होता. आला नाही.

"नोकरी गेली असती ना चाचा त्याची."

"गेली असती. व्हय. चूक झाली." दोरीचा तुकडा बोटाला गुंडाळत ते बसून राहिले. "सकाळी चहा करायचा तो. साखर जास्त घालायचा. मी वरडायचो रोज." मग म्हणाले, "आता सुट्टी कधी त्याला?"

"दोन वर्षांनी."

"दोन." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाले, "सुध्या, तवा तो घरी असला, आन् पुन्हा असंच कायतरी आलं, सगळी विमानं बंद करणारं..."

पुढचं त्यांना बोलवलं नाही. दचकून दोन्ही हात गालांना लावत म्हणाले, "तौबा, तौबा! किती माणसं मेली रे." आणि रडायला लागले.

मी त्यांच्याजवळ बसलो. तौबा मीही केली, कारण त्यांच्यासाठी क्षणभर मलाही तेच वाटून गेलं होतं.