सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारे टायर

वाहनाचा जमिनीशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो. बाकी सगळे वाहन हवेत असते. म्हणून त्या चार ठिकाणांबाबतचा निर्णय शांतपणे, चार जाणत्यांना विचारून आणि कोणताही खुळचट प्रश्न मध्ये न आणता घेतला पाहिजे. पाचोऱ्याच्या पुढच्या एका गावात झुलाल आबांनी हा निर्णय नेमका असाच घेतला. तो इतरांना मार्गदर्शक ठरावा.

आबांची पिकअप सहा वर्षांची. तिने केळी, शेणखत, एक आमदारकीची मिरवणूक आणि तीन वऱ्हाडे वाहिली होती. त्यामुळे टायर आबांच्या टाळूसारखे गुळगुळीत झाले होते. मागच्या पावसाळ्यात काळ्या मातीत ती चार तास रुतून बसली, तेव्हा गावातल्या लोकांनी बरीच करमणूक करून घेतली.

या वर्षी मात्र गंमत परवडणारी नव्हती. डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, शेतरस्त्याच्या अगदी टोकाला, आबांची पाचशे झाडांची केळीची बाग कापणीला आली होती. व्यापारी नूर महंमद यांनी मंगळवारी ट्रक डांबरीवर उभा करतो, असे कळवले. माल तिथवर आणून देणे आबांचे काम. मंगळवार चुकला तर घड झाडावरच पिवळे पडणार, आणि पिवळ्या घडाला शेळीशिवाय कोणी विचारत नाही. वर्षभराची मेहनत होती. हातात आठ दिवस होते.

त्यातले पाच दिवस विचारविनिमयात गेले, हे योग्यच झाले. चहाच्या टपरीवर अकरा जणांनी तेरा मते दिली (दोघांचे मत चहा आल्यावर बदलले). नथ्थूने सांगितले, मागच्या चाकांना साखळदंड बांधा. ट्रॅक्टरचेच टायर बसवा, असे एकाने सुचवले आणि ते का बसणार नाहीत हेही स्वतःच सांगितले. मुलगा दीपक दीपनगरला वीज केंद्रात कामाला. त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस रिकामी पिकअप घेऊन डोंगर चढत होता. वर त्याचे काय काम होते, हे शेवटपर्यंत कळले नाही. पण टायर पसंत पडले.

विरोधी मत एकच आले, तेही घरातून. आबांच्या पत्नी पुष्पाबाई रोज त्या रस्त्याने पायी निंदणीला जात. त्या म्हणाल्या, "आधी रस्ता देखा, मंग टायर ल्या."

"रस्ता रोजना शे. देखाले काय ऱ्हायनं?" आबा म्हणाले.

हे खरेच होते. आबा रोज मोटारसायकलवर बागेत जात. पुष्पाबाईंकडे वाहन चालवायचा परवाना नसल्यामुळे त्यांचे मत नोंदवून घेण्यात आले नाही.

शनिवारी आबा जळगावला मोईजच्या टायरच्या दुकानात गेले. मोईज मुळात अभ्यासू. त्याने विचारले, "आबा, गाडी कुठं चालते? डांबरावर किती टक्के, दगडावर किती, चिखलात किती? त्या हिशोबानं टायर देतो."

आबांनी बराच विचार करून चाळीस टक्के डांबर, तीस टक्के दगड, पन्नास टक्के चिखल असे सांगितले.

"एकशे वीस झाले, आबा."

"आमचा रस्ताच तसा शे."

अशा रस्त्याला ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या जमिनींवर चालणारा, टायर हाच उपाय, यावर दोघांचे एकमत झाले. बोटभर खोल खाचा, दोन्ही बाजूंना दात, दगडाने फाटणार नाही अशी जाड कड. मोईजने एक माप जास्त रुंद टायर सुचवला, कारण रुंद टायर चिखलावर तरंगतो. आबांना ते पटले. टायर बसले तेव्हा गाडी दोन्ही अंगांनी दोन-दोन बोटे फुगली आणि बैठकीला आलेल्या पाहुण्यासारखी दिसू लागली.

सोमवारी नारळ फुटला, चाकाखाली लिंबे ठेवली. आबांनी गाडी उकिरड्यावर चढवून दाखवली. ती नुसती चढलीच नाही, तर उतरलीसुद्धा. तेराही मते देणाऱ्यांना आपलेच मत खरे ठरल्याचे समाधान मिळाले.

मंगळवारी पहाटे बागेत कापणीची माणसे पोचली, डांबरीवर ट्रक लागला आणि पिकअप शेतरस्त्याला वळली. टायरने चिखल असा धरला, की आबांनी एकदा मुद्दाम थांबून पुन्हा सुरू करून पाहिले. चारशे पावले गाडी ऐटीत गेली. मग थांबली.

ती रुतली नव्हती. मावत नव्हती.

डावीकडे शेतशेजारी भूपेंद्रची कपाशी, उजवीकडे दुसरा शेजारी वना याचा मका, आणि मध्ये सव्वापाच फूट रस्ता. गाडी पावणेसहा फुटांची, त्यात टायरांची चार बोटे. मागच्या वर्षी आरसे दुमडून ती निघाली होती. पण त्यानंतर एक नांगरट झाली होती. जुन्या नकाशात हा रस्ता वीस फुटांचा आहे. तो कोणी चोरलेला नाही. आपल्याकडे प्रत्येक जण नांगरटीला बांधाकडचे एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, फक्त सरळ करून घेतो, एवढेच. रस्त्याला वाकडेपणाची सवय असते.

भूपेंद्र धावत आला. "आबा, कपाशीले चाक लागाले नको!"

"हाऊ सरकारी रस्ता शे!"

"तुमना टायर बठ्ठी जमिनीवर चालतस ना? मंग रस्ता कसाले जोयजे?"

आबांनी हॉर्न वाजवला. तेवढ्यात मक्यातून वनाचा आवाज आला, "आबा, तुमना बागजोडे त चारच फूट शे. तठे तुमनी केळीच रस्तामा उभी शे."

हेही खरे होते. बागेची शेवटची ओळ जुन्या गाडीवाटेवर होती. त्या ओळीचे घड जरा मोठेच असत.

मग कापणीच्या बायांनी डोक्यावर घड वाहिले. पुष्पाबाई सगळ्यांत पुढे होत्या. दुपारपर्यंत पाव बाग डांबरीवर आली. नूर महंमदनी घड्याळ पाहिले आणि ट्रकची ताडपत्री बांधायला लावली. "आबा, माल एक नंबर. पण रोडपर्यंत आला तेवढाच माझा." उरलेली बाग आठवड्यात पिवळी झाली. शेळ्यांचे साल चांगले गेले.

टपरीवर पुन्हा बैठक झाली. टायर निर्दोष आहेत, असे एकमताने ठरले. दोष गाडीच्या रुंदीचा. सध्या अरुंद गाडीची चौकशी चालू आहे. तीन चाकांची मिळाली तर एक चाक वाचेल. प्रत्येकाने नांगराचे एक तास मागे घ्यावे, ही सूचना कोणी मांडली नाही, आबांनीही नाही. उलट तीन चाकांना एवढा रस्ता लागणार नाही, हे लक्षात घेऊन त्यांनी केळीची नवी ओळ आखून ठेवली आहे.

तुम्ही धुळ्या-जळगावात पक्क्या घरात राहता, तुमच्याकडे नांगर नाही, हे मान्य. तरी एकदा उठून जिना उतरा. शेवटची पायरी कोणाच्या जागेवर टेकली आहे ते पाहा. तिच्यापुढे गाडी चढवायचा उतार आहे, उतारापुढे कुंड्या आहेत, आणि कुंड्यांना गाईने तोंड लावू नये म्हणून जाळी. गल्लीत अॅम्ब्युलन्स वळत नाही, अशी तुमचीच तक्रार होती ना? तिला कोणते टायर लावावेत, ते झुलाल आबा सांगतील.