व्याजदर ठरवता ठरवता

गृहकर्जाविषयी बीड शहरात माझ्याइतकं वाचलेला माणूस त्या काळी दुसरा नव्हता! एरवी मी स्वतःविषयी असं काही बोलत नाही. चारचौघांत कुणी 'मन्मथ सर' अशी हाक मारली तरी मी आधी मागे वळून बघतो, दुसऱ्या कुणाला मारली असेल म्हणून. पण हे विधान मी छातीठोकपणे करतो.

साल दोन हजार तीन. मी इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. पूर्वी बँकेत कर्ज मागायला गेलं की शिपाईसुद्धा आपल्याकडे चोरासारखं बघायचा. आता बँकाच घरासाठी कर्ज घ्या म्हणून मागे लागल्या होत्या. डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत ओरडत फिरायच्या तेवढ्या बाकी होत्या!

आम्ही छबुबाईंच्या घरात भाड्याने राहत होतो. भिंतीला खिळा ठोकला की तो छबुबाईंच्या काळजात घुसायचा. पाहुणे आले की त्या दारात उभ्या. "किती दिस हायती? न्हाई, संडासाची टाकी लवकर भरती म्हणून इचारलं."

माझी बायको नीलम्मा एक दिवस म्हणाली, "मी तुमाला सोनं मागितलं न्हाई, पैठणी मागितली न्हाई. मला फक्त माझ्या भिंतीत, माझ्या मनाला येईल तिथं खिळा ठोकायचाय. तेवढं करा."

मी केलंच! नगर रोडला एक नवं घर एका दुपारीत पसंत केलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला तोंड, मागे थोडी मोकळी जागा आणि बोअरला गोडं पाणी. बिल्डरला इसार दिला. तो म्हणाला, "सर, दिवाळीपर्यंत कर्ज मंजूर करून आणा. नंतर मी थांबणार न्हाई." दिवाळी चांगली चार महिने लांब होती. नीलम्माने तर वास्तूच्या दिवशी पाद्यपूजेला कोणत्या जंगम स्वामींना बोलवायचं तेही ठरवून टाकलं.

बँकेत धर्मराज नावाचे अधिकारी होते. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

"सगळं झालं सर. या दोन चौकोनांपैकी एकात खूण करा. स्थिर दर का बदलता दर."

"फरक काय?" मी विचारलं. हाच तो घातक प्रश्न!

"स्थिर म्हणजे नऊ टक्के, शेवटपर्यंत नऊ. बदलता म्हणजे आज साडेआठ, पुढं बाजार जाईल तसं."

"बाजार कुठे जाईल?"

"ते कळलं असतं तर मी या खुर्चीत बसलो असतो का सर?"

मी म्हणालो, जरा वाचून येतो. आणि वाचायला बसलो. वर्तमानपत्रं, अर्थविषयक मासिकं, बँकांचे अहवाल. रात्री झोपताना माझं स्थिर दराविषयी मत पक्कं व्हायचं. सकाळी पेपर आला की बदलता बरा वाटायचा. दुपारी ग्रंथालयात दोन्ही चूक वाटायचे. फॉर्मवर मी पेन्सिलने खूण करायचो आणि खोडायचो. शेवटी त्या जागी कागदाला भोक पडलं! धर्मराजांनी भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, हा तिसरा पर्याय आमच्या बँकेत न्हाई."

पोळा झाला. गणपती बसले, उठले. नीलम्माचा धीर सुटला.

"चला कपिलधारला. मन्मथ स्वामींम्होरं चिठ्ठ्या टाकू. जी निघल ती निघल!"

माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाने व्याजदर समाधीसमोर ठरवायचा? पण तिच्या तोंडाकडे बघून मी गेलो. दर्शन घेतलं, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या ओंजळीत हलवल्या. नीलम्माने डोळे मिटून एक उचलली, कपाळाला लावली आणि माझ्याकडे दिली.

मी वाचली आणि पुन्हा घडी घातली.

"काय निघालं?"

"तसं... काहीच नाही."

तिने चिठ्ठी हिसकावून घेतली आणि मोठ्याने वाचली. "अजून थोडा विचार करावा!"

मी तीन चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हे तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही.

एवढ्यात तेलगावचे सुंदरराव ग्रंथालयात आले. ऊस, कापूस, जीप आणि तालुक्याच्या राजकारणात थोडी उठबस, असा माणूस. त्यांचा मुलगा अंगद शिक्षक झाला होता. त्याच्या पगारावर बीडला एखादं घर घेऊन टाकावं, असा त्यांचा विचार होता.

"सर, गावभर इचारलं. सगळे म्हणतेत, कर्जाचं मन्मथ सरास्नीच कळतंय. फिक्स घ्यावं का दुसरं?"

आयुष्यात प्रथमच कुणी माझा सल्ला मागत होतं! मी हुरळलो. चहा मागवला. त्यांना समजावं म्हणून एक घर उदाहरणाला घेतलं. दुसरं कोणतं घर माझ्या डोक्यात होतं? नगर रोडचंच घेतलं! त्याची किंमत सांगितली. पूर्वेचं तोंड सांगितलं. बोअरचं पाणी तर असं वर्णन केलं, की सुंदररावांनी आवंढा गिळला.

"ते सगळं खरं सर. पर तुमचं मत सांगा की. एका शब्दात."

आणि काय सांगू, त्यांच्यासाठी मला ते एका क्षणात सुचलं! "स्थिर."

सुंदरराव उठले, माझ्या पायांना हात लावून गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझंही ठरलं. स्थिर! मी अर्धी रजा टाकून निघणार, एवढ्यात सुंदरराव पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर.

"सर, तोंड गोड करा. घेऊन टाकलं!"

"अरे वा! कुठे?"

"कुठं म्हंजे? तुमी सांगितलतं तेच की. नगर रोडचं. रोख इसार दिला, बिल्डर लगेच तयार झाला."

पेढा माझ्या हातातच राहिला. "पण ते... ते मी घेणार होतो."

सुंदरराव मटकन खुर्चीत बसले. "मग बोल्ला कावून न्हाईत? मला वाटलं, तुमी उदाहरण द्यायलेत!"

मी बिल्डरकडे गेलो. "तुम्ही दिवाळीपर्यंत थांबणार होतात!" हे वाक्य मी रस्ताभर घोकत होतो. त्याने पाणी विचारलं आणि माझा इसार परत केला. मी त्याला धन्यवाद दिले!

नीलम्मा रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "जंगम स्वामींना निरोप तुमी देता का मी देऊ?"

सुंदरराव मनाने वाईट नव्हते. आठवड्याने स्वतःच घरी आले. "अंगदची बदली धारूरला झाली. घर रिकामंच पडणार. तुमच्यासारखा सज्जन भाडेकरू कुठं मिळंल?" मी विचार करतो म्हणायच्या आत नीलम्मा आतून म्हणाली, "कधी यायचं?"

अशा रीतीने मी माझ्या पसंतीच्या घरात राहायला आलो. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी सुंदररावांना भाडं द्यायचो, त्यात थोडी भर घालून ते हप्ता भरायचे. बोअरचं पाणी खरोखर गोड होतं.

तीन-चार वर्षांनी व्याजाचे दर भराभर वाढले. बदलत्या दराचे लोक हवालदिल झाले. आपलं मत अचूक ठरलं, म्हणून मी मनातल्या मनात सुखावलो होतो, तेवढ्यात सुंदरराव आले.

"सर, भाडं जरा वाढवावं लागतंय."

"पण तुमचा हप्ता तर वाढला नाही! दर स्थिर आहे!"

"तुमच्या पुण्याईनं हप्ता हाय तिथंच हाय. पर नगर रोडची भाडी बघा की कुठं गेली! मी तुमाला अडचणीत न्हाई टाकत. तुमीच सांगा. एकदाच वाढवून पाच वर्सं तेच ठेवू, का दरसाल बाजार बघून ठरवू?"

नीलम्मा दाराशी येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. मीही काहीतरी ठाम बोलणारच होतो. पण खरं सांगतो, दोन्ही बाजूंना काही ना काही तथ्य होतंच!

"सुंदरराव," मी म्हणालो, "मला आठवडाभर द्या."