सुभेदाराचं टोपडं

सुभेदारानं काल सकाळपासून भाकरीच्या तुकड्याला तोंड लावलं नव्हतं, आणि हनुमंत सारखं एकच पालुपद लावून बसला होता, की त्या कुत्र्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

"कुत्रं हाय ते. भूक लागंल तवा खाईल," तो ओसरीवरून म्हणाला. "मानसाला तरी रोज भूक लागती का?"

"तुमाला लागती," त्याची बायको चिमाबाई आतून म्हणाली. "आन पहाटं उठून त्याच्याम्होरं दुधाची वाटी कुनी ठिवली? मांजरानं?"

हनुमंतानं घसा खाकरला आणि उगाचच आभाळाकडं बघितलं.

सुभेदार म्हणजे काखेत मावेल एवढं पांढरं पामेरियन. तुंगार्लीला ज्या बंगल्यावर हनुमंत राखणदार होता, तो बंगला मालकांनी विकला आणि जाताना दोन जीव मागं ठेवले: एक हनुमंत आणि दुसरं हे कुत्रं. त्याचं इंग्रजी नाव त्यांच्या गावात, वडिवळ्यात, कुणाच्या जिभेवर बसेना. देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करायचा तेव्हा हनुमंतानं एक सुभेदार पाहिला होता. स्वतः काडी हलवायचा नाही आणि दिवसभर सगळ्यांवर ओरडायचा. नाव तिथूनच आलं.

आता घरात होतं काय? भाताचं एक खाचर, आणि देहूरोडहून मुलगा, प्रज्ञेश, पाठवील ते. त्यात हे लाडावलेलं पाहुणं! बिस्कीट दुधात बुडवून दिल्याशिवाय साहेबांच्या घशाखाली उतरत नसे. मग एक दिवस चिमाबाईला दुधाचा चहा सोसेनासा झाला. "पित्त हुतंय," म्हणून ती कोरा प्यायला लागली. त्याच आठवड्यात हनुमंताला तंबाखूचा वीट आला. खरं कारण दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. सुभेदार मात्र गुटगुटीत झाला.

आणि आज तो कोपऱ्यात मुटकुळं करून पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले. चिमाबाईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"जातंय वो ते," ती म्हणाली.

हनुमंत ताडकन उठला. "जातंय कुटं? मी बसलोय न्हवं हितं! चल कामशेतला, जनावराच्या दवाखान्यात."

घोडं अडलं ते रिक्षापाशी. स्पेशल रिक्षा करावी, तर खिशातलं सगळं भाड्यातच जाणार. मग औषधाला काय देणार, डोंबल? शेअर रिक्षा होती ती एकट्या कादरची. कादरच्या रिक्षात मागं कुणीतरी पोत्यात घालून बोकड नेलं होतं, आणि बोकडानं वाटेत नव्या सीटचा कोपरा खाल्ला होता. तेव्हापासून काचेवर ठळक पाटी होती: 'जनावर घेणार नाही.'

चिमाबाईनं पेटी उघडली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलेलं प्रज्ञेशच्या लहानपणचं लाल टोपडं आणि दुपटं तिनं बाहेर काढलं.

"अगं, याड लागलं का तुला?" हनुमंत दबक्या आवाजात ओरडला. "नातवासाठी ठिवलंय न्हवं ते?"

"नातू यील तवा यील," चिमाबाई टोपड्याची नाडी बांधत म्हणाली. "ह्यो आलाय."

रिक्षात बसताना कादरनं मागच्या आरशात पाहिलं. "काय मावशी, कोन पाव्हनं?"

"नातू," चिमाबाई म्हणाली. इतक्या चटकन आणि इतक्या मायेनं म्हणाली, की हनुमंतानं नकळत दुपट्याची घडी सारखी केली.

"प्रज्ञेशचा? आन कळवलं न्हाई ते?"

"सातव्या म्हयन्यात झाला," हनुमंतानं ठोकून दिलं. "म्हून गपचिप."

पुढच्या फाट्यावर ताजुन्निसाभाभी चढली. सुकट-बोंबील घेऊन ती गावोगाव फिरे. दर आठवड्याला हनुमंताच्या दारात यायची, आणि दर आठवड्याला सुभेदार तिच्यावर भुंकून घर डोक्यावर घ्यायचा. तिनं डोक्यावरची पाटी नेमकी चिमाबाईच्या पायाशी ठेवली. बोंबलाचा वास रिक्षाभर पसरला, आणि दुपटं हललं. एक काळं, ओलं नाक हळूच बाहेर आलं आणि हुंगायला लागलं.

"हललं गं!" हनुमंताला राहवलं नाही.

"नातू हलला, त्यात वराडायचं काय, आबा?" कादर म्हणाला. "हलायचंच की त्यानं."

चिमाबाईनं नाक आत ढकललं. ते परत बाहेर आलं. तिनं पदर ओढला. एवढ्यात रिक्षा थांबली आणि बाळ-बाळंतिणींची नोंद ठेवणारी शेजारच्या गावची आशाताई, प्रतीक्षा, पिशवी सावरत आत आली. हनुमंताला दरदरून घाम फुटला. गावात पाळणा हलला की घरच्यांच्या आधी आशाताईला ठाऊक असतं.

"जयभीम आबा! अगंबाई, बाळ? कधी झालं? किती दिवसांचं आहे?"

"तीन वर्साचं," हनुमंत म्हणाला.

कादरनं परत आरशात पाहिलं.

"तीन आठवड्यांचं," चिमाबाईनं नवऱ्याला कोपर मारलं. "आनंदानं ह्यांचं डोकं चालंना झालंय."

"डोस दिले का?"

"त्याच्यासाठीच चाललोय," हनुमंत म्हणाला. एवढं एकच वाक्य खरं असल्यानं ते त्यानं जोरात म्हटलं. "विंजेक्शनला."

"अंगावर पितंय ना नीट?"

"बिस्कीट खातंय."

"तीन आठवड्यांचं बाळ? बिस्कीट?"

"बुडवून," हनुमंत म्हणाला.

प्रतीक्षानं हात पुढं केला आणि दुपट्याचं टोक उचललं. हनुमंतानं डोळे गच्च मिटले. आता रिक्षा थांबणार, कादर खाली उतरवणार, आणि भर उन्हात या पोराला घेऊन कामशेतपर्यंत चालायचं. पोहोचेपर्यंत ते टिकेल का?

"अगंबाई," प्रतीक्षा म्हणाली. मग जरा थांबून, "गोरंपान आहे हो."

हनुमंतानं एक डोळा उघडला. पोरगी चष्मा घरी विसरली असणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

पण बाळाचं तोंड पहिल्यांदा बघायचं ते काय रिकाम्या हातानं? प्रतीक्षानं पर्समधून नोट काढली आणि दुपट्यात खोचली.

"नगं, नगं! पोरी, कशाला?" हनुमंत कळवळला.

"असू द्या आबा. बाळाला दिलेलं परत करत नाहीत."

मग ताजुन्निसाभाभीनंही वाकून बघितलं, "माशाल्ला" म्हणाली, आणि कमरेच्या बटव्यातली चुरगळलेली नोट सरळ करून आत सारली. कामशेतला उतरताना कादरनं भाडं तर घेतलं नाहीच, वर शंभराची नोट टोपड्याखाली ठेवली. "पयल्यांदा बसला माज्या गाडीत," तो म्हणाला. हनुमंताची मान वर होईना.

दवाखान्यातल्या अनघा डॉक्टरांनी टोपडं सोडलं, पण हसल्या नाहीत. "गोचीड ताप आहे," त्या म्हणाल्या. "बरं झालं आजच आणलंत. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं." इंजेक्शन झालं. त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिली आणि ते बाहेरून घ्यायला सांगितलं. दुकानदारानं आकडा सांगितला, तेव्हा हनुमंत खिशातला हात बाहेरच काढेना. चिमाबाईनं गुपचूप दुपट्याची घडी उलगडली. औषध आलं.

पण हनुमंत दुकानाच्या पायरीवरच बसला. "चिमे, मानसांनी बाळ म्हून पैसं दिलं. आपन कुत्र्यावर घातलं. मला न्हाई पचायचं हे."

"मग काय करताय?"

"सांगून टाकतो. चालत जाऊ घरला."

स्टँडवर कादर काच पुसत होता. ताजुन्निसाभाभी रिकामी पाटी घेऊन आत बसली होती. हनुमंतानं सुभेदाराला टोपड्यातून मोकळं केलं आणि दोन्ही हातांवर घेऊन पुढं धरलं.

"कादर, ह्यो नातू न्हाई. कुत्रं हाय. तुमचं पैसं भात निगाल्यावर देतो. माफी कर बाबा."

कादर काच पुसतच राहिला. "आबा, नातवाला शेपूट असतंय व्हय? वडिवळ्यापासनं बाहेर हुतं. आरशात दिसत हुतं मला."

"आन मला न्हाई वळखायचा?" ताजुन्निसाभाभी म्हणाली. "दर आठवड्याला माज्यावर भुकतोय मेला. आज भुकला न्हाई, तवाच माजं काळीज हाललं."

"मंग... आशाताई?"

"ती तर उतरताना माज्या कानात सांगून गेली, बाळाचा ताप उतरला का ते फोन करून कळवा म्हून," भाभी म्हणाली.

हनुमंत तोंड उघडं टाकून बघत राहिला. "मंग बोलला का न्हाई कुनी?"

"बोलून?" कादरनं फडकं खांद्यावर टाकलं. "कुत्र्याच्या औषदाला पैसं दिलं असतं, तर घेतलं असतं तुमी?"

चिमाबाई पदरानं डोळे पुसायला लागली.

"पर ती काचेवरची पाटी?" हनुमंत शेवटी म्हणाला.

"पाटी हायेच. जनावर न्हाई घेत मी. नातवाला घिऊन बसा लवकर, गाडी भराय लागली."

निघता निघता एक अनोळखी बाई चढली. मांडीवरच्या सुभेदाराला बघून तिनं नाक मुरडलं. "अहो, कुत्रं चालतं का तुमच्या गाडीत?"

"कुत्रं कुटं हाय?" कादर म्हणाला. "नातू हाय त्यांचा."

बाई बघतच राहिली. तेवढ्यात सुभेदारानं मान वर केली, ताजुन्निसाभाभीची पाटी हुंगली, भाभीकडं नीट निरखून पाहिलं, आणि बारीक, चिरका, पण भुंकला.

"आला गं बाई जीव!" भाभीनं बोटं मोडली.

हनुमंतानं त्याला छातीशी घट्ट धरलं, टोपडं परत त्याच्या कानांवर सारखं केलं आणि त्या अनोळखी बाईकडं ताठ मानेनं पाहिलं.

"तीन आठवड्यांचा हाय," तो म्हणाला. "आतापासनंच बोलतोय."