निंगव्वा चटणी भांडाराच्या अकरा अटी

कोणत्याही दुकानाची प्रतिष्ठा ते माल किती विकतं यावर ठरत नाही; माल का विकला जात नाही याचा शोध ते किती गांभीर्याने घेतं, यावर ठरते. या कसोटीवर सोलापूरच्या बाळीवेशीतल्या निंगव्वा चटणी भांडाराइतकं प्रतिष्ठित दुकान शोधून सापडायचं नाही.

दुकानात चाळीस वर्षं शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकली जाते. गल्ल्यावर मालक चनबसप्पा बसतात. मागच्या खोलीत तव्यापाशी त्यांच्या पत्नी शिवबाई आणि त्यांच्या हाताखाली सून महेश्वरी. महेश्वरी एम.कॉम. असल्याने तिला पहिल्या दिवसापासून भाकऱ्या मोजायचं जास्तीचं काम दिलं गेलं. असं सहा वर्षं चाललं. मग गेल्या दिवाळीत तिने सासऱ्यांपुढे विषय काढला की आपलं दुकान ऑनलाइन करू. चनबसप्पांनी तीन दिवस विचार केला आणि पुढच्या भागातले पापडाचे खोके हलवून तिला एक टेबल व एक खुर्ची मंजूर केली. सोबत मुदतही घातली: संक्रांतीला शहरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत एक तरी ऑर्डर आली पाहिजे. नाही आली, तर पापडाचे खोके आणि महेश्वरी आपापल्या मूळ जागी.

खोक्यांचा आणि आपला उल्लेख एकाच वाक्यात झाला, हे महेश्वरीला लागलं. पण त्या खुर्चीतून रस्ता दिसायचा. येणारी-जाणारी माणसं, रिक्षा, समोरच्या दुकानातलं भांडण, सगळं दिसायचं. तव्यामागून सहा वर्षांत तिला फक्त तवा दिसला होता. तिला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

वेबसाइट बार्शीच्या युवराजने बनवली. (युवराज हा शरणबसवचा, म्हणजे महेश्वरीच्या नवऱ्याचा कॉलेजमधला मित्र. शरणबसव पाकिटं सील करायच्या मशीनवर असतो आणि या प्रकरणात शेवटपर्यंत तिथेच राहिला.) चनबसप्पांची मागणी एकच होती. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला ते जे तोंडी बजावतात, ते सगळं वेबसाइटवर लेखी असावं. त्यांनी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर स्वहस्ते अकरा अटी लिहून दिल्या. युवराजने त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला आणि 'झालं समजा, अप्पा' असं म्हणून तो बार्शीच्या एसटीत बसला.

वाचकांच्या माहितीसाठी त्या अटी इथे जशाच्या तशा देत आहोत. एक, चटणी उखळात कुटलेली असल्याने एकसारखी बारीक नसते, तक्रार करू नये. दोन, चटणीत ओला चमचा घालू नये. तीन, चटणी फ्रिजमध्ये ठेवू नये. चार, कवळी असलेल्या माणसास कडक भाकरी दुधात कुस्करूनच द्यावी. पाच, भाकरी मोडलेली निघाल्यास ती तशीही मोडूनच खायची होती हे ध्यानात घ्यावे. सहा, दुसऱ्या दुकानाच्या चटणीशी तुलना जेवताना करू नये, जेवण झाल्यावर करावी. सात, नाव लिहिताना नावापुढे आपले मूळ गाव लिहावे, नुसत्या नावाच्या माणसास माल दिला जात नाही. आठ, दह्यासोबत खायची असल्यास दही घट्ट असावे. दहा, पाहुण्यास चटणी कुठली हे त्याने विचारल्याशिवाय सांगू नये. अकरा, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, मात्र तक्रार घेऊन आलेल्यास बसवून चहा दिला जाईल.

डिसेंबरात वेबसाइट सुरू झाली. माणसं येत, चटणी निवडत, भाकरी निवडत, चेकआउटच्या पानावर नाव-पत्ता भरत, 'मी सर्व अटी वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत' या वाक्यासमोरच्या चौकटीत टिक करत आणि 'ऑर्डर द्या' हे हिरवं बटण दाबत. त्यावर पान अदबीने सांगे, 'काहीतरी चुकलं आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' माणसं पुन्हा प्रयत्न करत. पान पुन्हा अदबीने सांगे. महेश्वरीने स्वतः एकोणीस वेळा करून पाहिलं. तिच्याही बाबतीत पानाने कसलाही पक्षपात केला नाही.

तेव्हा त्रुटीनिवारण समिती नेमण्यात आली. निमंत्रक महेश्वरी, तांत्रिक सदस्य युवराज, आणि तिसरे सदस्य चुलत दीर शंकरप्पा. (शंकरप्पांचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान असल्याने मोबाईलच्या आतलंही त्यांना कळतं, असं घरात मानलं जातं.) समितीच्या चार बैठका झाल्या आणि पुढील उपाय योजण्यात आले. पान बंद करून पुन्हा उघडलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला. दुकान बंद करून पुन्हा उघडलं (ते रोज होतंच, पण या वेळी त्याची नोंद ठेवली). राउटर पापडांपासून लांब नेला. बटणाचा हिरवा रंग केशरी केला, केशरीचा निळा केला, आणि अनुभवाअंती पुन्हा हिरवा केला. मोबाईलवरून करणाऱ्यांना कॉम्प्युटरवरून करा असं कळवलं आणि कॉम्प्युटरवाल्यांना मोबाईलवरून. शेवटी शिवबाईंनी लॅपटॉपला विभूती लावली. त्यानंतर चूक थोडी लवकर दिसू लागली, हे युवराजनेही मान्य केलं.

समितीने आकडेवारीही गोळा केली. तेहेतीस दिवसांत ४१२ माणसं चेकआउटच्या पानापर्यंत पोहोचली आणि त्यांनी मिळून ३,७०८ वेळा बटण दाबलं, म्हणजे सरासरी माणशी नऊ वेळा. लातूरच्या एका गृहस्थांनी एकट्याने एकसष्ट वेळा दाबलं. त्यातल्या शेवटच्या वीस वेळा त्यांना चटणी नकोच असावी, असा समितीचा अंदाज आहे. चारशे बाराच्या चारशे बारा जणांनी अटी वाचल्याची टिक केली होती. अकरा अटी वाचायला लागलेला सरासरी वेळ: सव्वा सेकंद. 'आपला ग्राहकवर्ग सुशिक्षित असून त्याचा वाचनाचा वेग उल्लेखनीय आहे,' असा शेरा समितीने एकमताने नोंदवला.

या काळात एकटे चनबसप्पा निवांत होते. रोज दुकान बंद करताना ते विचारायचे, "आली का गं एखादी?"

"न्हाई, मामा."

"यील की. घाई कशाला करतीस?"

हा सासऱ्यांचा टोमणा आहे असं महेश्वरी धरून चालली होती. यात्रा चार दिवसांवर आली तेव्हा शरणबसवने मशीनवरून न उठता पापडाचे खोके झटकून ठेवले. त्या दिवशी महेश्वरीने रस्त्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेअकराला लॅपटॉप टिंग वाजला. ऑर्डर होती. अर्धा किलो चटणी, दोन पाकिटं कडक भाकरी. महेश्वरीने आधी फोन लावला आणि मग श्वास घेतला. पलीकडे एक आजीबाई होत्या, सुंदरम्मा नावाच्या. मुलगा साखर कारखान्यात, मुक्काम पोस्ट श्रीपूर.

"आजी, तुमची ऑर्डर आली!"

"मग? धाडल्यावर यायचीच की."

"बाकी कुणाचीच येत न्हाई ओ. तुमी नेमकं काय केलं?"

"काय करायचंय त्यात? लिवलंय तसं केलं. सातव्या अटीत सांगितलंय की, नावापुढं मूळ गाव लिवा म्हनून. म्या लिवलं, सुंदरम्मा, दुधनी."

"तुमी अटी वाचल्या?"

"कालच नवा चष्मा आलाय बाई. दिसंल ते वाचतीया."

महेश्वरीने फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वेबसाइटवरच्या अटी वाचल्या. उभ्यानेच वाचल्या. मग युवराजला फोन केला.

"वहिनी, मी फक्त फोटो दिला कॉम्प्युटरला," युवराज म्हणाला. "त्याला म्हणलं, या कागदावर आहे तसं पान बनव. आता त्यानं सातवी अटपण मनावर घेतली त्याला मी काय करू?"

"तू वाचलं न्हाईस?"

"त्यानं वाचलं होतं की! एकच कागद दोघांनी कशाला वाचायचा?"

समितीचा अंतिम निष्कर्ष त्यामुळे सोपा झाला. पानात कोणतीही त्रुटी नव्हती. अटी त्या सकाळपर्यंत तिघांनीच वाचल्या होत्या: लिहिणाऱ्याने, कॉम्प्युटरने आणि एका नव्या चष्म्याने. (निष्कर्षावर सही करण्यापूर्वी शंकरप्पांनी तो वाचला नाही.)

महेश्वरी गल्ल्यापाशी गेली. तिला राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींतलं आधी काय काढावं ते कळत नव्हतं. "मामा, सातव्या अटीमुळं अडलं होतं सगळं. तुमाला म्हाईत होतं?"

"अडलं होतं?" चनबसप्पा खरोखरच चकित झाले. "मला वाटलं लोक वाचत्यात अजून. इतकी मानसं, अकरा अटी. वेळ लागनारच की."

"पत्ता तर त्यात होताच. गाव कशाला पायजे वेगळं?"

"पत्ता म्हंजे मानूस ऱ्हातो ती जागा. त्याचं तोंड घडलंय दुसरीकडं. पुण्याचा पत्ता, पन मानूस मोडनिंबचा असला तर डाव्या डब्यातली द्यायची. बार्शीचा असला तर उजव्या. दुधनीवाल्याला खालच्या डब्यातली, दुसऱ्याला ती झेपत न्हाई. चाळीस वर्सं गाव इचारल्याबिगर पुडी बांधली न्हाई मी." मग त्यांनी सुनेकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू कवा वाचल्यास अटी?"

"आत्ता," महेश्वरी म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

चनबसप्पांनी मान डोलावली, खालच्या डब्याचं झाकण काढलं आणि सुंदरम्मांची चटणी स्वतः भरली. एक ऑर्डर आली होती, त्यामुळे मुदत पाळली गेली होती. पापडाचे खोके माळ्यावर गेले.

पुढची सुधारणा महेश्वरीने एका दिवसात केली. पानावर 'मूळ गाव' असा वेगळा रकाना आला आणि तो रिकामा राहिला तर 'गाव लिहा' असं पान स्पष्ट सांगू लागलं. यात्रा संपेपर्यंत दोनशे साठ ऑर्डरी गेल्या. लातूरच्या गृहस्थांनी एकाच दाबात तीन किलो घेतली. महिन्याभरात तक्रारीही आल्या, एकूण चौऱ्याण्णव. एकाहत्तर जणांनी चटणीत ओला चमचा घातला होता, एकवीस जणांनी ती फ्रिजमध्ये ठेवली होती, आणि दोघांच्या घरी कवळी मोडली होती. या तक्रारी ऐकायला टेबलाशी दुसरा फोन आणि दुसरी खुर्ची मंजूर झाली. दुसऱ्या खुर्चीवर दुपारी शिवबाई येऊन बसतात आणि रस्ता बघतात.

महेश्वरी आता प्रत्येक तक्रारदाराला आधी एकच प्रश्न विचारते, अगदी सासऱ्यांच्या आवाजात: अटी वाचल्या होत्या का? चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव जणांनी आतापर्यंत 'हो, वाचल्या की' असंच उत्तर दिलेलं आहे. ती वाद घालत नाही. अकराही अटी पुन्हा वाचून दाखवते आणि फोन ठेवते.

आपल्याला असा फोन यायचं कारण नाही, कारण आपण या अटी वर शांतपणे वाचलेल्याच आहेत. त्यामुळे त्या यादीत नववी अट नाही, हेही आपल्या तिथेच ध्यानात आलं असेल. आता वर जाऊन पाहण्याचे कष्ट घेऊ नयेत. आपली टिक आम्ही धरून चाललो आहोत.