कॅप्टन काजव्याचा अखेरचा भाग आणि आईसाहेबांचे नाक

वाचणाऱ्या थोरांचे सेवेशी विनंती ऐसी जे, कॅप्टन काजवा नामे सुपरहिरोची कार्टून मालिका शनिवारी सायंकाळी समाप्त जाहली, तेणेकरून इमारतीत जो हाहाकार उडाला, आणि त्याच प्रसंगी पाचव्या मजल्यावरील आईसाहेबांनी जी मोहीम मांडली ती कैसी फसली आणि फसोन कैसी फत्ते जाहली, याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहावे ऐसी आज्ञा. त्यावरून लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. आईसाहेबांचे यजमान राजश्री बाबा यांजविषयीचा मजकूर त्यांस वाचून दाखवला, त्यांनी "इतकं पण काही नव्हतं" म्हणोन हरकत घेतली, ती हरकत दफ्तरी दाखल न करता मजकूर कायम ठेवला.

प्रथम पूर्वपीठिका. आईसाहेबांस कन्यारत्न एकच, घरात तिजला ठिणगी म्हणत, बालवाडीचे शेवटचे वर्ष, मूल तेज आणि जबान त्याहून तेज. आईसाहेब स्वभावे बहुत दक्ष. आंघोळीच्या पाण्यात आधी आपले कोपर बुडवावे, औषधाच्या खोक्यातील बारीक अक्षराचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, मूल गाढ झोपले तर श्वास चालतो की नाही पाहावे आणि पाहता पाहता मूल जागे करोन बसावे, ऐसा शिरस्ता. त्याच दक्षतेने त्यांनी हेरले की चित्रे पाहताना मूल मान तिरकी करते. सासर-माहेर दोन्ही दरबारी "लाडात येते, दुसरं काय" ऐसा निवाडा जाहला, तो न मानता आईसाहेब मुलीस घेवोन नेत्रवैद्यांकडे दाखल जाहल्या.

नेत्रवैद्यांनी दिवे मंद करोन, भिंतीवरील चित्रे दाखवोन, एकेक डोळा झाकोन तपास केला आणि सांगितले की उजवा डोळा कामसू, डावा पक्का कामचुकार. उजवा सारे पाहतो, म्हणोन डावा नुसता बसोन खातो. सबब उजव्यास रोज काही वेळ पट्टीखाली कैद करावे, म्हणजे डाव्यास झक मारत चाकरी करणे प्राप्त होईल. आणि सक्त ताकीद दिली की मूल लहान आहे तोवरच हे साधते, मध्येच सोडाल तर केलेले सगळे पाण्यात.

मग पहिले दिवशी पट्टी चढवली. मुलीने डाव्या डोळ्याने मातेकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि विचारले, "आई, तुझं नाक कुठे गेलं?"

डाव्या डोळ्यास आईचे तोंड म्हणजे नुसता पुसट गोळा. आईसाहेब "आहे की, इथेच आहे" ऐसे बोलोन न्हाणीघरात गेल्या, नळ मोठा सोडला, आणि बऱ्याच वेळाने तोंड धुवोन बाहेर आल्या.

पुढे घरात युद्ध पेटले. पट्टी लावावी आणि पाठ फिरताच पट्टी गायब व्हावी. एक पट्टी बाहुलीच्या पोटास सापडली, एक फ्रिजच्या दारास, आणि एक राजश्री बाबांच्या विजारीस मागील अंगी चिकटोन कचेरीपर्यंत जावोन आली, कोणी बोलले नाही. रडणे, लाथा, विनवण्या, आमिषे, सर्व उपाय थकले. तेव्हा आईसाहेब अगदी मेटाकुटीस येवोन बोलोन गेल्या, "अगं, कॅप्टन काजव्याचा पण एक डोळा झाकलेला असतो ना? झाकलेल्या डोळ्यात उजेड साठतो."

हे अर्धे खरे होते. कॅप्टन काजवा उजव्या डोळ्यावर हिरवा मुखवटा बांधोन डॉक्टर डांबर नामे काळ्या चिकट दुष्टाशी लढत असे हे खरे. उजेड साठण्याचा मजकूर आईसाहेबांनी जागेवर रचला. परंतु मुलीने विचार केला आणि स्वतः पट्टी आणोन हाती दिली. त्या दिवसापासोन रोज सायंकाळी मालिकेच्या वक्ती पट्टी बिनतक्रार चढू लागली. घरात शांतता नांदली, फक्त आईसाहेबांच्या मनात नांदली नाही, कारण आपल्या लेकीचा डोळा एका कार्टूनच्या भरवशावर आहे हे त्या पुरते जाणोन होत्या.

ऐसे चालले असता अकस्मात टीव्हीवर जाहीर जाहले की येत्या शनिवारी मालिकेचा अखेरचा भाग.

खबर येताच इमारतीत आकांत जाहला. बाळगोपाळांची फौज खाली खेळावयास उतरेना, जिन्यात पायरीपायरीवर गालास हात लावोन बसली. लिफ्टच्या आरशावर "बंद करू नका" ऐसे फर्मान वेड्यावाकड्या अक्षरांत चिकटवले गेले. मग फौजेत दोन तट पडले. काजवा मरणार म्हणणारा एक, डॉक्टर डांबर सुधारणार म्हणणारा दुसरा, आणि सायकलींच्या जागेत उभय पक्षांची बाचाबाची होवोन एकाची बाटली आणि दुसऱ्याची चप्पल कामास आली. थोरांची गत वेगळी नव्हती. पहिल्या मजल्यावरील बँकेतले काका, गृहस्थ एकटे, पोट मोठे, चेहरा कायम कर्ज नाकारल्यासारखा, हे मालिकेचे निस्सीम भक्त निघाले. त्यांनी शनिवारी सायंकाळी कोणी बेल वाजवू नये ऐसी चिठी दारावर डकवली. राजश्री बाबा तर ताटावर बसले की घास हाती धरोन भिंतीकडे पाहत राहत. काय जाहले विचारता म्हणत, "काही नाही गं. एवढी वर्षं पाहिलं ना."

आईसाहेबांनी फोन उघडला. ज्या मुलखात हा भाग आधीच दाखवला गेला होता तेथील भक्त सर्वत्र शोक मांडोन बसले होते, त्यांच्या शोकातून शेवट काय तो आईसाहेबांस कळला. शेवटी कॅप्टन काजवा मुखवटा उतरवतो, दोन्ही डोळे उघडतो, मुखवटा एका साध्या माणसाच्या हवाली करतो आणि ढगांपार निघोन जातो. हे वाचता आईसाहेबांनी फोन पालथा ठेवला. काजव्याने मुखवटा उतरवला की कन्या पट्टी उतरवणार, आणि एकदा उतरवली की पुन्हा चढवणे कोणाच्या बापाच्याने होणे नाही, हे स्पष्ट दिसले. नेत्रवैद्यांची पुढील तपासणी अजोन लांब होती.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. आईसाहेबांनी हुकूम केला की कन्येने तो भाग पाहता कामा नये. सबब राजश्रींनी टीव्हीची तार मागून उपसावी, रिमोटचे सेल साखरेच्या डब्यात दडवावे, टीव्ही बिघडला ऐसी आवई घालावी, आणि आईसाहेबांनी ऐन वक्ती मुलीस बागेत घेवोन जावे. राजश्रींनी शपथ वाहोन कबूल केले, परंतु कबूल करताना त्यांची नजर साखरेच्या डब्यावर होती, ही गोष्ट आईसाहेबांनी टिपली आणि मनात ठेवली.

शनिवार उगवला. ठरल्याप्रमाणे तार उपसली, आवई घातली. ठिणगीने बिघडल्या टीव्हीकडे पाहिले, बापाकडे पाहिले, आणि "बरं" म्हणाली. इतकेच. आईसाहेबांस तेथेच संशय यावयास पाहिजे होता. सायंकाळी राजश्री "दूध घेऊन येतो" सांगोन निघाले, वास्तविक फ्रिजमध्ये दूध दोन पातेली होते. मग आईसाहेब पट्टी लावलेल्या कन्येस घेवोन बागेचे मोहिमेवर निघाल्या. पाण्याची बाटली, टोपी, जंतुनाशक, जादा मोजे, पट्ट्यांचे नवे पाकीट, सर्व सरंजाम पिशवीत.

लिफ्टमध्ये शिरताच आईसाहेब पिशवीची चेन लावावयास वळल्या, तेवढ्या अवकाशात कन्येने बटण दाबले. लिफ्ट खाली जाण्याऐवजी वर चालली. दार उघडले तो सातवा मजला, आत्याबाईंचा मुक्काम. आत्याबाई राजश्रींची धाकटी बहीण, शिवणकाम करीत, आणि इमारतीतील यच्चयावत पोरांस हिरवे मुखवटे त्यांनीच शिवोन दिले होते. दार सताड उघडे, आत सगळी फौज मुखवट्यांनिशी जमिनीवर बसलेली, भिंतीवर भला मोठा टीव्ही. आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "वहिनी, ये. कालपासून जागा धरून ठेवायला सांगितलंय हिने."

आणि खोलीत नजर टाकावी तो सर्वांत पुढे, मुखवटा बांधोन, लाह्यांचे पातेले मांडीवर घेवोन राजश्री बाबा विराजमान. उभयतांची नजरानजर जाहली. राजश्रींनी मुखाने एकच वाक्य काढले, "दूध संपलं होतं दुकानात." मागे बँकेतले काका खुर्चीत बसले होते. स्वतःच्या दारावर चिठी डकवोन ते इकडे निघोन आले होते, एकट्याने पाहवणार नाही म्हणोन.

आईसाहेबांनी ओळखले की वेढा आपण घातला नसोन आपल्यासच पडला आहे. मागे फिरावे तर कन्या फौजेच्या मध्यभागी जावोन बसली. मग त्याही बसल्या, पिशवी छातीशी धरोन.

मालिका सुरू जाहली. डॉक्टर डांबराने सारे शहर चिकट करोन टाकले, काजवा दोनदा पडला, तिसऱ्यांदा उठला, आणि आपला सर्व उजेड एकदम सोडोन गनिमास वितळवले. आणि मग तो गच्चीवर उभा राहिला, मुखवट्याची गाठ सोडली, दोन्ही डोळ्यांनी खाली शहर पाहिले, मुखवटा एका पाववाल्याच्या हाती दिला, आणि गेला.

मग पहिला हुंदका बँकेतल्या काकांनी दिला. तो ऐकोन फौजेचा बांध फुटला. कोणी लाह्यांत तोंड खुपसले, कोणी मुखवटा दातांनी चावला, एकाने दुसरा भाग येणार ऐसी हमी दिली त्यास सर्वांनी मिळोन गप्प बसवले. राजश्री म्हणू लागले की लिहिणाऱ्याने घाई केली, पाववाला आधी दाखवायला पाहिजे होता. आत्याबाई म्हणाल्या की पाववाला पहिल्या भागापासोन होता, तू पाहताना जेवत होतास. त्यावरून बहीणभावांत जी जुंपली ती वेगळी बखर होईल.

ठिणगी मात्र रडली नाही. ती उठली, हळू हळू कडेने पट्टी सोडवली, भुवईचे दोन केस तिजबरोबर आले, आणि डोळ्याभोवती पट्टीचा लाल चौकोन उमटलेला दिसला. आईसाहेबांनी मनात सर्व युक्त्या परजल्या, विनवणी, आमिष, नेत्रवैद्यांची भीती. परंतु कन्या सरळ चालोन आली, मातेचा चष्मा काढला, आणि पट्टी मातेच्या उजव्या डोळ्यावर दाबोन बसवली.

"आता तू काजवा. मी रिटायर झाले."

याचे उत्तर लिहिलेला कागद कोणत्याच औषधाच्या खोक्यात नव्हता.

"बरं, मग मी काय करू?" त्यांनी विचारले.

कन्येने फर्मावले की पाणी ओत. आईसाहेबांनी जग उचलला, पेल्यावर धरला आणि ओतला, तो सारी धार पेल्याबाहेर काकांच्या पायावर. पुन्हा ओतला, तो आत्याबाईंच्या टेबलावर. पेला दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. रडणारी फौज हसू लागली. काकाही नाक पुसता पुसता हसले. आईसाहेबांस प्रथम लाज आली, आणि त्यामागोमाग एक विचार आला की माझे पोर इतके दिवस याच ऐशा जगात जिने उतरत होते, शर्टाची बटणे लावीत होते.

"मला नाही जमत गं," त्या म्हणाल्या, आणि हे त्या मुलीस खेळविण्याकरिता बोलल्या नाहीत.

ठिणगीने कपाळास हात लावला. "अगं, आधी मान वळव. मग हात ने. बोट पेल्याला लाव, कुठे आहे ते कळतं. आधी मलापण नव्हतं जमत." इतके सांगोन मातेची मान धरोन वळवली, हात धरला, तरी धार बाहेरच. मग थकोन म्हणाली, "असं नाही कळायचं तुला. थांब, करून दाखवते. मला दुसरी पट्टी दे."

आईसाहेब पिशवीत हात घालत्या जाहल्या. मोज्यांच्या खाली पाकीट होते. एका डोळ्याने चेन सापडेना, ती राजश्रींनी उघडोन दिली, आणि या मोहिमेत त्यांच्या हातोन घडलेली कामगिरी ती हीच, म्हणोन मुद्दाम नोंदली आहे. कन्येने पट्टी लावून घेतली, जग दोन्ही हातांनी उचलला, मान जराशी वळवली, बोट पेल्याच्या काठास लावले, आणि पाणी काठोकाठ ओतले. एक थेंब बाहेर नाही. कामचुकार डोळ्याने केले ते. सर्व फौजेने पाहिले.

"कळलं?"

"कळलं," आईसाहेब म्हणाल्या.

मग तेथेच तह ठरला. नवा काजवा अगदीच कच्चा असल्याकारणे जुन्या काजव्याने रोज सायंकाळी मालिकेच्या वक्ती पट्टी लावोन त्यास शिकवावे, नेत्रवैद्य थांब म्हणत तोवर. बँकेतल्या काकांनी आपल्यासही तालमीत घ्यावे ऐसा अर्ज तोंडी केला, त्यास स्वतःची पट्टी आणण्याच्या अटीवर मंजुरी मिळाली. राजश्री बाबांचा अर्ज दुधाचा निकाल लागेपर्यंत राखोन ठेवला.

तह जाहल्यावर कन्येने नव्या काजव्याची पट्टी नीट बसली की नाही पाहण्याकरिता मातेची हनुवटी धरली आणि आपला डावा डोळा अगदी जवळ आणला. बराच वेळ पाहिले. आईसाहेब हलल्या नाहीत.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या नाकावर तीळ आहे."

येणेप्रमाणे शनिवारी सायंकाळी, कॅप्टन काजवा ढगांपार गेल्यावर आणि पाणी पुसोन होण्यापूर्वी, सातव्या मजल्यावर मोहीम फत्ते जाहली. आईसाहेबांचे नाक, जे पट्टीच्या पहिले दिवशी हरपले होते, ते तिळासुद्धा परत हाती आले.