वामनरावांचं परमिट

व्यसनी माणूस व्यसन लपवतो. आमचे वामनराव तेंडोलकर मात्र स्वतःच्या व्यसनाची दवंडी पिटायचे. दिवेलागण झाली की खोलीचं दार मागे लोटून उंबऱ्याबाहेर बसायचे आणि जोरजोरात खोकायचे. वर अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आजचा गांजा कडक आहे हां!" तेव्हा दारूबंदी ऐन भरात होती आणि गांजाही बंद. आमच्या वाकोल्यात लोक खोकल्याचं औषधसुद्धा खिडकी लावून प्यायचे. आणि हा गृहस्थ बघा!

दिसायला म्हणाल तर गंजेकस कुठूनच वाटायचे नाहीत. कापडाच्या पेढीत कारकून, स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. चहासुद्धा अर्धा कप घ्यायचे, पूर्ण घेतला तर झोप उडते म्हणायचे. आता गांजा पचवणाऱ्याची झोप चहानं उडते, हे कुणाच्या तरी डोक्यात यायला नको होतं का? नाही आलं. माझ्याही नाही.

त्यांची बायको सुमतीवहिनी म्हणजे देवमाणूस. खोकणं सुरू झालं की थोड्या वेळानं त्या बाहेर यायच्या आणि नवऱ्याला चार लोकांत झाडायच्या. ती मेली चिलीम एक दिवस चुलीत घालीन, हे तर ठरलेलं. वामनराव मान खाली घालून ऐकायचे. चाळीतल्या बायका हळहळायच्या की काय हो नशीब बिचारीचं, आणि हळदीकुंकवाला तिच्या ओटीत मूठभर तांदूळ जास्तच घालायच्या.

रविवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात आमचा वाद रंगायचा. वामनरावांचं पालुपद एकच, "सरळ हिशोब आहे!" दारुड्याला डॉक्टरचा दाखला मिळाला की सरकार परमिट देतं, म्हणजे व्यसन हा आजार ठरला, मग आजाऱ्यांत डावं-उजवं कशाला, गांजालाही परमिट द्या. मी कट्टर विरोधी पक्ष. आज गांजाला परवाना दिलात तर उद्या अफूला द्याल, परवा शाळेच्या फाटकाशी हातगाडी लागेल, असं मी ठणकावून सांगायचो. मागच्या गावठाणातला आमचा फ्रान्सिस दोघांवरही उखडलेला असायचा. त्यांच्याकडे लग्नाला घरची दारू लागतेच, आणि ती बंद झालेली. तो म्हणायचा, "माझ्या पोरीचं लगीन सरबतावर लागलं रे वामन, आणि तुला सरकारी गांजा पायजे?" वामनराव तावातावानं उत्तर द्यायचे, न्हावी वस्तरा खाली ठेवून ऐकायचा, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून जायचा.

मग एकदा शेजारच्या गल्लीत पोलिसांची धाड पडली. एका तबेलेवाल्याकडे गांजा सापडला आणि त्याला धरून नेलं. त्या दिवसापासून वामनरावांचं तोंड उतरलं. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, उद्या सांताक्रूझला डॉक्टरकडे चल, दाखला काढायचाय. तू रोज माझा खोकला ऐकतोस, साक्षीला उपयोगी पडशील. विरोधी पक्षाला साक्षीला नेणारा हा पहिलाच माणूस. पण शेजारधर्म आहे, गेलो.

डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले, नाडी बघितली. कधीपासून ओढता, असं विचारल्यावर वामनराव म्हणाले, लहानपणापासून. दिवसातून किती? भरपूर. ओढल्यावर काय होतं? यावर ते बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, बरं वाटतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. चिलीम आणलीय का, असं विचारताच वामनरावांनी पिशवीतून धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली चिलीम काढली. डॉक्टर म्हणाले, रिकामीच ओढून दाखवा. वामनरावांनी देवाचं नाव घेतलं आणि जिथं गांजा भरतात त्या रुंद तोंडालाच तोंड लावलं.

डॉक्टर हसून हसून खोकायला लागले. "अहो, इतका निर्व्यसनी माणूस मी कित्येक दिवसांत पाहिला नाही. दाखला हवाच असेल तर त्याचा देतो."

मीही पोट धरून हसलो. वामनराव हसले नाहीत. बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. मी म्हटलं, वामनराव, ही तर पेढे वाटायची गोष्ट, तोंड काय पाडता?

"पोलीस आले तर काय दाखवू रे? घरात गांजा सापडणारच ना."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मग ते आपणहूनच सांगू लागले. त्यांची एकुलती एक नलू तापानं गेली, ते आमच्या चाळीत येण्याआधी. सुमतीवहिनींची झोप तेव्हापासून गेली. रात्र रात्र पोरीच्या परकर-पोलक्याची घडी करायच्या, मोडायच्या. काढे झाले, नवस झाले. शेवटी देवळात उतरलेल्या एका बैराग्यानं चिलीम दिली आणि त्या रात्री त्या झोपल्या. बाहेर येऊन भांडायचंही वामनरावांनीच शिकवलं होतं, वास आला तर नाव आपल्यावर यावं म्हणून. आधी तिला नवऱ्याला एक शब्द टाकून बोलता येत नव्हता, म्हणाले.

मी म्हटलं, मग वहिनींनाच आणू या की डॉक्टरकडे.

"बायको गांजा ओढते म्हणून कागदावर लिहून घेऊ? चाळ जगू देईल तिला? मला पकडलं तर पकडू दे. पण मग रात्री तिच्याजवळ कोण असेल?"

दर रविवारी तोंडाचा पट्टा चालवणारा मी, त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अहो, पण रोज घरात चिलीम पेटते, आणि ती कुठल्या बाजूनं ओढतात एवढंही तुम्हाला ठाऊक नाही?"

"कसं असणार?" वामनराव चिलीम पुन्हा रुमालात गुंडाळत म्हणाले. "तिला माझ्यासमोर लाज वाटते रे. मी कधी वळून बघितलंच नाही."